कारागृहे आणि मनोरुग्णालये : सुरक्षेच्या पायऱ्या

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

२२ ऑक्टोबर १९६६ च्या सायंकाळी लंडनमधील वर्मवुड स्क्रब्ज या कारागृहातून जॉर्ज ब्लेक नावाचा बंदी पळून गेला. ब्लेक हा ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातील अधिकारी होता. सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी केल्याबद्दल १९६१ मध्ये त्याला बेचाळीस वर्षांची शिक्षा झाली होती. त्याच कारागृहातून सुटलेल्या एका जुन्या साथीदाराने बाहेरून तटावर दोराची शिडी टाकली. शिडीच्या पायऱ्या म्हणून लोकर विणण्याच्या सुया वापरल्या होत्या. देशातील सर्वांत मोठ्या शिक्षेचा बंदी विणकामाच्या सुयांवर पाय देऊन निघून गेला, ही गोष्ट ब्रिटिश जनतेच्या जिव्हारी लागली. त्यापूर्वी १९६४ व १९६५ मध्ये रेल्वे दरोड्यातील दोन बंदी असेच निसटले होते. सरकारने तातडीने चौकशी नेमली आणि ती ज्यांच्याकडे सोपविली ते गृहस्थ आपल्याला चांगले परिचित आहेत. भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे ते होत.

माउंटबॅटन यांनी दोनएक महिन्यांत अहवाल दिला. देशात खऱ्या अर्थाने सुरक्षित असे एकही कारागृह नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. एवढ्यावर अहवाल थांबला असता तर सर्व भिंती चार हात उंच करण्याचा हुकूम निघाला असता आणि विषय संपला असता. परंतु दर्यावर्दी माणसाने येथे वेगळी दृष्टी दाखविली. सर्व बंद्यांना एकाच मापाच्या भिंतीत ठेवल्यामुळे थोड्यांना ती भिंत अपुरी पडते आणि बहुसंख्यांना ती अकारण मोठी होते, हे त्यांनी हेरले व बंद्यांचे चार वर्ग सुचविले. ज्याचे पळून जाणे जनतेला, पोलिसांना अथवा राष्ट्राच्या सुरक्षिततेला अत्यंत धोक्याचे ठरेल तो ‘अ’ वर्गात. ज्याला सर्वोच्च बंदोबस्ताची गरज नाही, पण ज्याचे पलायन फार अवघड केले पाहिजे तो ‘ब’ वर्गात. खुल्या जागी ज्याचा भरवसा देता येत नाही, तथापि निर्धाराने पळून जाण्याची इच्छा वा साधने ज्याच्यापाशी नाहीत तो ‘क’ वर्गात. आणि ज्याच्यावर भिंतीवाचून विश्वास टाकता येतो तो ‘ड’ वर्गात. काही फेरफारांसह हीच वर्गवारी इंग्लंड व वेल्समध्ये पुढे रूढ झाली.

या चार व्याख्यांत गुन्ह्याचे नाव कोठेही येत नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. तेथे फक्त दोन प्रश्न विचारले आहेत. हा माणूस पळून जाईल काय? आणि गेलाच, तर कोणाचे काय नुकसान होईल? हे दोन्ही प्रश्न एक नव्हेत. बांधावरच्या भांडणात रागाच्या भरात भावकीतल्या माणसाचा जीव घेतलेला शेतकरी दहा वर्षांनी बहुधा कोठेही पळत नाही. त्याचे मन घराकडे, जमिनीकडे आणि सुटकेच्या तारखेकडे लागलेले असते. उलट लहानसहान चोऱ्या करणारा पहिली संधी मिळताच पोबारा करील, पण तो गेला म्हणून गावाचे फारसे बिघडणार नाही. शिक्षा किती, हे न्यायालय गुन्ह्यावरून ठरविते. भिंत किती, हे मात्र माणसावरून ठरवावे लागते.

माउंटबॅटन यांची एक सूचना मात्र मान्य झाली नाही. सगळ्या ‘अ’ वर्ग बंद्यांसाठी आइल ऑफ वाइट या बेटावर एकच अभेद्य कारागृह बांधावे, असे त्यांचे मत होते. लिऑन रॅड्झिनोविच यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९६८ मध्ये त्याला विरोध केला. सर्व धोकादायक माणसे एकाच छपराखाली आणली तर तेथील वातावरण कोंदट व स्फोटक होईल; त्यापेक्षा बाहेरची तटबंदी भक्कम करून त्यांना थोडेथोडे चार-दोन कारागृहांत विखरून ठेवावे, असे उपसमितीने सांगितले. सरकारने हा दुसरा मार्ग पत्करला. या निर्णयाचेही तोटे झाले, कारण एका माणसासाठी शंभरांचा बंदोबस्त कडक होऊ लागला. हा वाद कारागृहशास्त्रात अजून मिटलेला नाही.

‘अ, ब, क’ ही अक्षरे महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या कानी पडली की वेगळेच चित्र उभे राहते. लाहोर कारागृहात जतींद्रनाथ दास यांनी त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर सप्टेंबर १९२९ मध्ये देह ठेवला. त्यानंतरच्या खळबळीत, १९३० मध्ये, सरकारने बंद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. तो भेद शिक्षण, सामाजिक स्थान आणि राहणीमान यांवर आधारलेला होता. ‘अ’ वर्ग मिळणे म्हणजे बरे अन्न, स्वतःचे कपडे, पुस्तके. ‘क’ वर्ग मिळणे म्हणजे जाडीभरडी भाकरी आणि सक्तमजुरी. इंग्लंडमध्ये ‘अ’ म्हणजे सर्वांत धोकादायक आणि आपल्याकडे ‘अ’ म्हणजे सर्वांत प्रतिष्ठित, असा हा उलटा हिशेब होता. सुरक्षेशी त्याचा संबंध नव्हता. माणूस कोण आहे यापेक्षा तो कोणाच्या घरचा आहे, हे पाहण्याची ही सवय कारागृहांतून सहजासहजी गेली नाही. कोणत्या जातीच्या बंद्याने स्वयंपाक करावा आणि कोणी झाडलोट करावी, हे सांगणारे नियम कित्येक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत स्वातंत्र्यानंतरही टिकून होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने ते घटनाबाह्य ठरविले. वर्गवारी चुकीच्या पायावर उभी राहिली की किती काळ नांदते, याचा यापेक्षा बोलका दाखला मिळणार नाही.

आपल्या राज्याकडे पाहता सुरक्षेच्या सर्व पायऱ्या येथे कागदावर आणि जमिनीवरही आहेत. मध्यवर्ती कारागृहे आहेत, जिल्हा कारागृहे आहेत, स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था आहे, नाशिकला किशोर सुधारालय आहे, आणि येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी अशी खुली कारागृहे आहेत. येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह १८७१ चे. महात्मा गांधी तेथे बंदिवान होते, १९३२ चा पुणे करार तेथेच झाला. आज त्याच परिसरात दोन टोके शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे अंडाकृती बांधणीमुळे ‘अंडा सेल’ म्हणून ओळखला जाणारा कडेकोट विभाग. तेथे आकाशही चौकोनी दिसते. आणि भिंतीपलीकडे खुल्या कारागृहाची शेती. तेथे बंदी सकाळी कुदळ-फावडे घेऊन बाहेर पडतो आणि सायंकाळी मोजणीला आपल्या पायांनी परत येतो. दोहोंमधील अंतर पायी काही मिनिटांचे असेल. बंद्याला ते चालून जायला कित्येक वर्षे लागतात.

ते अंतर चालण्याची रीत नियमांनी ठरवून दिली आहे. महाराष्ट्र खुली कारागृहे नियम १९७१ चे आहेत. शिक्षेचा ठरावीक भाग भोगलेला, चांगल्या वर्तणुकीचा, शरीराने व मनाने धडधाकट अशा बंद्याची निवड समितीमार्फत होते. तेथे शिक्षेतील माफीचे दिवसही अधिक मिळतात. या वाटेने जाणाऱ्यांत जन्मठेपेच्या बंद्यांची संख्या मोठी असते, हे ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. कारागृह अधिकाऱ्यांना ते वाटत नाही.

वस्तुतः आश्चर्य करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होते. लोकभाषेत ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते हे. शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक माणसांचा गुन्हा अजून सिद्ध व्हावयाचा आहे. त्यांच्यासाठी खुले कारागृह नाही, कारण ते शिक्षा झालेल्यांसाठी आहे. त्यांची पारखही क्वचित होते, कारण आज ना उद्या ते जामिनावर सुटतील असे गृहीत धरलेले असते. जामीनदार न मिळालेला परगावचा मजूर म्हणूनच गजबजलेल्या बराकीत, उंच तटाच्या आत, वर्षानुवर्षे राहतो. आणि खुनाची शिक्षा भोगणारा पैठणला मोकळ्या रानात पाणी धरतो. पैठणचे चूक आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. चूक पहिल्या टोकाला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ हे १ जुलै २०२४ पासून अमलात आले. पहिल्याच गुन्ह्यातील न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कारागृहात काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही; एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असणाऱ्यांनाही नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी त्या कलमाने कारागृह अधीक्षकांवरच टाकली आहे, ही बाब येथे उपस्थित अधिकाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी.

भिंतीवाचून माणूस राहू शकतो, हे सिद्ध करण्याचा मान महाराष्ट्राच्या मातीकडे जातो. औंध हे सातारा भागातील छोटे संस्थान. राजे भवानराव पंत प्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याने त्यांच्यापुढे एक विलक्षण कल्पना मांडली. फ्रीडमन गांधीजींच्या विचारांनी भारावून ‘भारतानंद’ झाले होते. संस्थानच्या तुरुंगातील बंद्यांना आटपाडीच्या माळावर मोकळे ठेवावे, त्यांना जमीन द्यावी आणि त्यांच्या बायकामुलांनाही तेथेच आणावे, असे त्यांचे म्हणणे. माळ कसला, पावसाची वाट पाहत पडलेली खडकाळ जमीन ती. राजेसाहेबांनी होकार दिला आणि ‘स्वतंत्रपूर’ वसले. तुरुंगाला स्वातंत्र्याचे नाव देणारा असा राजा विरळाच.

या वसाहतीत तट नव्हता. बंद्याला अडवून ठेवणाऱ्या गोष्टी निराळ्या होत्या. चूल पेटलेली होती, रात्री अंगणात मूल झोपलेले होते, पेरलेले उगवून यायचे होते. शिवाय एक पळाला तर वसाहत मोडेल आणि बाकीच्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागेल, ही जाणीव प्रत्येकाला होती. भिंतीचे काम नात्याने केले. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. वसाहत मात्र टिकली आणि आज सांगली जिल्ह्यात ती कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून ओळखली जाते. आटपाडीच्याच मुलखातले माडगूळ हे ग. दि. माडगूळकरांचे गाव. त्यांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरविला गेला. बोलपट सर्वांनी पाहिला. ज्या माळावरून तो सुचला तो माळ पाहायला फारसे कोणी गेले नाही.

उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंद यांनी १९५२ मध्ये वाराणसीजवळ चंद्रप्रभा नदीच्या धरणावर बंद्यांचे खुले शिबिर भरविले. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल असताना सांगानेरचे खुले शिबिर सुरू झाले. तेथेही बंदी कुटुंबासह राहतात आणि बाहेर रोजगाराला जातात. जिनिव्हा येथे १९५५ मध्ये मान्य झालेल्या बंद्यांविषयीच्या किमान नियमांत, आणि सत्तावीस वर्षे बंदिवास सोसलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव देऊन संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सुधारलेल्या नियमांतही, हाच अनुभव तत्त्व म्हणून आला आहे. प्रत्येक गटाला सारख्याच बंदोबस्ताची गरज नाही, गरजेप्रमाणे तो कमीअधिक असावा, आणि काळजीपूर्वक निवडलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाला खुले कारागृहच सर्वांत अनुकूल होय, असे ते नियम सांगतात. खेदाची गोष्ट एवढीच की बऱ्याच राज्यांत ही वाट स्त्रियांसाठी दीर्घकाळ बंद राहिली. घरापासून तुटण्याचे दुःख जिला सर्वांत अधिक, तिलाच कुटुंबासह राहण्याची सोय नाही, हे कोणत्या हिशेबात बसते ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

पायऱ्या वर जातात तशा खालीही उतरतात. कारागृहात नियम मोडणाऱ्याला एकांतकोठडीत घालण्याची प्रथा जुनी आहे. सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला लगाम घातला. फाशीची शिक्षा झालेल्या माणसालाही, तिच्याविरुद्धचे सर्व मार्ग संपेपर्यंत, १८९४ च्या कारागृह अधिनियमाचा आधार घेऊन एकांतवासात ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी बंद्यांना सरसकट बेड्या अडकविण्यासही न्यायालयाने मर्यादा घातल्या. सुरक्षा ही शिक्षेची पुरवणी म्हणून वापरता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होय.

येथपर्यंत शिक्षा व संशय यांच्याविषयी झाले. तिसरा वर्ग राहिला, आणि त्याची अवस्था सर्वांत बिकट आहे. ज्याच्या हातून गुन्हा घडला, पण त्या क्षणी मनोविकारामुळे आपण काय करीत आहोत हे ज्याला कळत नव्हते, त्याला कायदा दोषी धरीत नाही. दंड संहितेचे जुने कलम ८४ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२ हेच सांगते. दोषी नसलेल्या माणसाला कारागृहात कसे ठेवायचे? आणि धोका संभवत असेल तर मोकळे तरी कसे सोडायचे?

इंग्लंडने याचे उत्तर म्हणून १८६३ मध्ये बर्कशायर परगण्यात ब्रॉडमूर उघडले. नंतर रॅम्प्टन आणि ॲशवर्थ ही त्याच धर्तीची रुग्णालये झाली. तेथील माणसाला रुग्ण म्हणतात, देखरेख डॉक्टर व परिचारिकांची असते, परंतु बाहेरचा तट कारागृहाच्या तोडीचा असतो. १९५२ मध्ये ब्रॉडमूरमधून पळालेल्या एका रुग्णाने जवळच्या गावातील एका बालिकेचा जीव घेतला. तेव्हापासून आसपासच्या गावांत भोंगे बसविण्यात आले. दर सोमवारी सकाळी दहाला त्यांची चाचणी होई आणि खरोखरीचा भोंगा वाजला तर शाळा मुलांना वर्गाबाहेर पाठवीत नसत. पिढ्यान्‌पिढ्या त्या परिसरातील मुले हा आवाज ऐकत वाढली. तट किती उंच आहे, हे गावालाही सोमवारी ऐकू येत असे.

तट उंच होता, पण त्याच्या आणि मोकळ्या रस्त्याच्या मध्ये काहीच नव्हते. बरा झाला असे समजून १९७१ मध्ये ब्रॉडमूरमधून सोडलेल्या एका तरुणाला एका कारखान्यात नोकरी मिळाली. त्याचा पूर्वेतिहास मालकाला सांगितला गेला नव्हता. त्याने सहकाऱ्यांच्या चहात विष कालविले आणि दोघे दगावले. देश पुन्हा हादरला. लॉर्ड बटलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या बटलरसाहेबांचा जन्म १९०२ साली सिंधूकाठच्या अटक येथे झाला होता. मराठ्यांना ‘अटकेपार’ या शब्दाने ठाऊक असलेले ते अटक. जन्मगावाचे नाव आणि कामाचा विषय यांचा असा योग क्वचितच येतो.

बटलर समितीला एक पोकळी दिसली. सर्वसाधारण मनोरुग्णालयांनी १९५० नंतर आपले दरवाजे उघडे टाकले होते आणि ती स्वागतार्ह सुधारणा होती. मात्र त्यामुळे थोडीफार देखरेख लागणारा रुग्ण त्यांना नकोसा झाला. ब्रॉडमूरसारख्या ठिकाणी गर्दी झाली होती. मधले रुग्ण मग कारागृहात जाऊन पडले, कारण कारागृहाला कोणाला नाही म्हणता येत नाही. समितीने १९७४ च्या अंतरिम अहवालात तातडीने प्रत्येक विभागात मध्यम सुरक्षेची रुग्णालये काढण्यास सांगितले. आज त्या देशात उच्च, मध्यम व अल्प सुरक्षा अशा तीन पायऱ्या आहेत. मध्यम सुरक्षेच्या रुग्णालयाला सुमारे ५.२ मीटर उंचीचे कुंपण असते, अल्प सुरक्षेच्या ठिकाणी ते सुमारे तीन मीटर. रुग्ण बरा होत जाईल तसा एकेक पायरी उतरत घराकडे येतो, आणि प्रत्येक पायरीवर तो कसा वागतो ते पाहता येते.

कुंपणाच्या मापांपेक्षा तेथील डॉक्टरांनी शिकविलेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. सुरक्षा तीन प्रकारची असते, असे ते म्हणतात. पहिली भिंत-कुलपांची. दुसरी कामाच्या रीतीची : मोजणी, झडती, किल्ल्यांची नोंद, भेटीला येणाऱ्यांची तपासणी. आणि तिसरी ओळखीची. रोज व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाने दोन दिवस ताट तसेच ठेवले, घरून पत्र आल्यापासून तो बोलेनासा झाला, हे ज्याच्या ध्यानात येते तो परिचारक किंवा कारागृह रक्षक तिसरी सुरक्षा राखीत असतो. तिला खर्च येतो तो मनुष्यबळाचा. एका रक्षकाकडे शंभर माणसे दिली की ती आपोआप संपते आणि मग भिंत वाढवावी लागते. स्वतंत्रपूर हे या तिसऱ्या प्रकारावरच उभे होते, आणि तेही असले शास्त्र लिहिले जाण्यापूर्वी.

भारतात ही मधली पायरी फार दिवस नव्हती आणि आजही ती पुरती बांधली गेलेली नाही. बिहारमधील हजारीबाग कारागृहासंबंधीचे एक पत्र १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. मनोरुग्ण म्हणून ठेवलेली माणसे तेथे दशकानुदशके पडून होती. कित्येकजण बरे झाले होते. त्यांना सोडा, असे सांगणारा कागद पुढे सरकला नव्हता. आसामात १९५१ मध्ये अटक झालेला एक आदिवासी माणूस तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठविला गेला. १९६७ मध्ये तो बरा असल्याचा दाखला मिळाला, तेव्हा त्याला घरी न पाठविता गुवाहाटीच्या कारागृहात नेण्यात आले. तो सुटला २००५ मध्ये, चौपन्न वर्षांनी. त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही. शिक्षा झालेल्याला निदान सुटकेची तारीख असते. याला तीही नव्हती. ज्यांनी काही गुन्हा केला नाही अशा मनोरुग्णांना केवळ सोय नाही म्हणून कारागृहात ठेवणे घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९३ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगावे लागले.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला. त्यातील कलम १०३ आज उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर असावे असे आहे. प्रत्येक राज्यात निदान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असली पाहिजे. मनोविकाराने पीडित बंद्याला योग्य ठिकाणी हलविले पाहिजे. आणि कारागृहात असा बंदी उरलेला नाही, असे प्रमाणित करणारा अहवाल तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठविला पाहिजे. त्याच कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे आणि एकांतात डांबणे यांना मनाई केली आहे. एरवडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण होरपळून गेले, त्यांना पळताही आले नाही. त्या आठवणीने या मनाईकडे पाहावे. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. न्यायालयाने पाठविलेले रुग्ण तेथे येतात आणि इतरांपेक्षा कडक विभागात राहतात. तिमाही अहवाल निव्वळ ‘निरंक’ लिहून पाठवायचा, की प्रत्येक बराकीतून फिरून पाठवायचा, यावर एखाद्या माणसाची वीस वर्षे अवलंबून असू शकतात.

शेवटची पायरी कारागृहाच्या किंवा रुग्णालयाच्या आवारात नसते. ती गावात असते. संचित रजा व अभिवचन रजा यांचे नियम महाराष्ट्रात १९५९ मध्ये करण्यात आले. बंदी रजेवर यायचा असेल तर जामीनदार लागतो, पोलिसांकडून गावात चौकशी होते आणि ‘हा माणूस आला तर शांतता बिघडेल काय’ या प्रश्नाचे उत्तर गोळा केले जाते. खुल्या कारागृहासाठी बंद्याचे नाव विचारात येते तेव्हा तो पूर्वी रजेवर जाऊन वेळेवर परतला होता की नाही, ही बाब महत्त्वाची ठरते. म्हणजे गावाने दिलेले एक उत्तर पुढे कैक वर्षे त्याच्याबरोबर चालते. मनोरुग्णाच्या बाबतीत हे अधिकच खरे. खटला स्थगित असलेल्या रुग्णाला जामिनावर सोडताना अथवा बरा झालेल्याला हवाली करताना कायदा नातलगाची किंवा स्नेह्याची हमी मागतो. ती देणारा कोणी पुढे आला नाही, म्हणजे तो बरा होऊनही तेथेच राहतो. २०१७ च्या गौरवकुमार बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच बऱ्या झालेल्या, पण कोणी न नेलेल्या माणसांचा प्रश्न होता.

पोलीस चौकशीला आले की गावात बहुधा एकच वाक्य सांगितले जाते : ‘नको, भांडण होईल.’ कधी ते खरे असते. मृताचे घर शेजारीच असते आणि त्यांच्या मनातील राग विझलेला नसतो. कधी ते केवळ झंझट टाळण्यासाठी म्हटलेले असते, आणि कधी त्याच्या वाट्याची जमीन कसणाऱ्या भावाने सांगितलेले असते. हा फरक ठाण्यातील हवालदाराला एका फेरीत कळणार नाही. सरपंचाला, पोलीस पाटलाला आणि त्या बंद्याच्या मुलाला वर्गात शिकविणाऱ्या गुरुजींना तो ठाऊक असतो. भांडणाचे भय खरे असेल तर ते नाव-कारणासह लेखी सांगावे आणि मामाच्या अथवा बहिणीच्या गावी रजा काढता येईल काय, तेही त्याच जबाबात नोंदवावे. भय खरे नसेल तर तसेही लिहून द्यावे.